नऊ बाय नऊची खोली

लातूर, रविवार रात्र

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा नव्या घरातल्या तुमच्या खोलीबद्दल फोनवरचं बोलणं अर्धवट राहिलं. अण्णा, तुम्ही म्हणालात, "नऊ बाय नऊ? आपला कडब्याचा कोठा त्याहून मोठा हाय," आणि फोन आईच्या हातात दिलात. मला राग आला नाही, पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही नुसतं "बरं" म्हणता. कागद मात्र दोनदा वाचता.

घर औसा रोडच्या आतल्या बाजूला आहे. खालचाच मजला, वर मोकळी गच्ची. २०१४ साली बांधलेलं, मालक मुलाकडे पुण्याला निघालेत. हॉल चांगला अकरा बाय सोळा, स्वयंपाकघर ऐसपैस, पुढे ओसरी नि तिच्यासमोर दहा फूट अंगण. बेडरूम मात्र दोन्ही लहान. एक दहा बाय अकरा, दुसरी नऊ बाय नऊ, म्हणजे ८१ चौरस फूट. राष्ट्रीय इमारत संहितेत दुसऱ्या खोलीसाठी किमान साडेसात चौरस मीटर सांगितलेत, ते जेमतेम भरतात. बांधणाऱ्यानं सगळी जागा हॉलला नि अंगणाला दिली आणि झोपायच्या खोल्यांवर काटकसर केली.

ही छोटी खोली तुम्हा दोघांची. म्हणूनच एवढं लिहितेय.

गेल्या आठवड्यात मी भाड्याच्या घराच्या गच्चीवर टेपनं मोजून रांगोळीनं ती खोली आखली. नऊ फूट, नऊ फूट, दाराची जागा, खिडकीची जागा. आत डबलबेडचं माप काढलं, पाच बाय सव्वासहा. त्याच्या बाजूला दोन फूट खोल कपाट आखल्यावर मधे उरली फक्त दोन फुटांची पट्टी. शेजारच्या काकूंचा वॉकर मागून आणला आणि आईसारखी सावकाश चालून बघितलं. सरळ गेला कसाबसा, पण वळेना. प्रत्येक वेळी त्याचा पाय रांगोळीच्या रेषेवर. रेषा पुसली गेली की पुन्हा ओढायची, पुन्हा चालायचं. आई, शेवटी तिथंच खाली बसले. तुझ्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र आठवली, बाथरूमला जाताना तू माझ्या खांद्याला धरलेलं.

मग डबलबेड खोडला. तिथं तीन फुटी एकच पलंग आखला, तुझ्यासाठी. सहा फूट जागा मोकळी झाली, कपाट लावूनही चार फूट उरली. वॉकर आरामात फिरला. पलंगापासून बाथरूमपर्यंत माझी अकरा पावलं, तुझी पंधरा-सोळा होतील. बाथरूमची चौकट मात्र सव्वादोन फुटांची आहे नि दारही आत उघडतं. वॉकर धरून आत गेलं की वळून दार लावता येत नाही. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, ती चार इंची भिंत आहे, वजन पेलणारी नाही, तीन फुटी चौकट बसवून दार बाहेर उघडणारं करून देतो. ते काम घर ताब्यात आल्याबरोबर करायचं, हे मी ठरवूनच टाकलंय.

अण्णा, तुमचा पलंग मी आखलाच नाही. तुम्ही आत झोपणार नाही, हे मला माहीत आहे.

भूकंपाच्या त्या रात्रीबद्दल आपण कधी बोलत नाही. आज लिहिते. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, गुलालाचा सदरा मी तसाच अंगात ठेवून झोपले होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजत आलेले. तुम्ही गोठ्यात बैलांपाशी होता, म्हणून वाचलात आणि आम्हाला ओढून काढू शकलात. आजी माजघरात होती. दगड-मातीच्या दोन-अडीच हाती भिंती, वर मातीचं जड माळवद. आपलं घर गावात मजबूत म्हणून नावाजलेलं, आणि त्याच जाडीनं घात केला. चिखलात रचलेला दगड नुसता एकावर एक टेकलेला असतो, हलला की सुटतो, हे मला खूप पुढं कळलं. तेव्हापासून ३० वर्षांवर झाली, तुमची बाज अंगणात. पावसाळ्यात पत्र्याखाली. आमच्याकडे आलात की चौथ्या दिवशी निघता, कारण सांगता शेताचं. मला कारण ठाऊक असतं.

म्हणून तर आधी बघितलेला तो फ्लॅट मी मनातून काढून टाकला. तिथल्या बेडरूम बारा बाय बाराच्या आहेत, हे खरं. पण आपण बघायला गेलो तेव्हा आई खुर्चीवर बसली आणि तुम्ही पूर्ण वेळ बाल्कनीत कठड्याला धरून उभे होता. चौथा मजला. जाहिरातीत ११०० फूट लिहिलेलं. रेराच्या सरकारी नोंदीत कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, बघितली तर ७६०. त्या मोठ्या खोल्यांत तुम्ही एक रात्र काढली नसती. मग त्या कुणासाठी घ्यायच्या?

या घराच्या छोट्या खोलीला मागच्या अंगणात उघडणारं स्वतंत्र दार आहे. पलंगापासून दार चार पावलांवर. पुढे ओसरीवर बाज मावते, मी मोजली. मालकाकडून कॉलमचा नकाशा घेऊन इंजिनिअरला दाखवला. त्यानं तळापासून बघितलं आणि मला समजावून सांगितलं की सांगाडा काँक्रीटचा आहे, वर-खाली पट्टे नीट बांधलेत, भिंती नुसत्या भराव्याच्या. खोल्या लहान म्हणजे बीमचे गाळे, खांबाखांबातलं अंतर, तेही लहान, त्यात तोटा काहीच नाही. १९९३ साली आपला भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरला होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि लातूर तिसऱ्या पट्ट्यात आलं. हे घर त्यानंतरचं आहे, म्हणून मी विचारलं आणि कागदावर बघितलं. तुमच्यासाठी विचारलं.

आणि लहान घराचं म्हणाल, तर आपण राहिलोच की. जागतिक बँकेच्या कर्जातून गावं उठवली तेव्हा जमिनीच्या हिशोबानं घरं मिळाली. एक हेक्टरपर्यंत २५० फूट, सातपर्यंत ४००, त्यावर ७५०. आपले आठ एकर, म्हणजे सव्वातीन हेक्टर, म्हणून ४०० फूट. त्यात तुम्ही, आई, आम्ही दोघी बहिणी, दिवाळीला मामाकडची माणसं. मला त्या घरात कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही, कारण दार उघडं असायचं आणि अंगण आपलं होतं.

आता पैशाचं. तुम्ही म्हणता दोन एकर काढू, मोठं घर घे. अण्णा, ते नको. बटईनं दिली तरी ती जमीन आहे म्हणून तुम्ही सकाळी उठून धुऱ्यावर जाता. ३८ लाखांत सौदा ठरतोय, १३ आमचे साठवलेले, २५ चं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षं, हप्ता महिन्याला २१,७०० च्या आसपास. एकूण बावन्न लाख फिटतात, हे मी लपवत नाही. पण आमच्या दोघांच्या पगारात बसतं, आणि मधे पैसे आले की मुद्दल कमी करू. प्लॉट एन.ए., म्हणजे बिनशेती आहे, शेताचे तुकडे पाडून विकलेला गुंठेवारीचा नाही. बँकेचा वकील कागद बघतोय. बोअरचं मात्र शेजाऱ्यांना विचारायचं राहिलंय. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरी घेऊन रांगेत उभी राहिलेय मी, ते विसरून घर घेणार नाही.

आई, तुझी अडचण वेगळी. "लेकीच्या दारी किती दिवस राहावं माय," असं तू दर वेळी म्हणतेस. ऐक. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावानं होणार आहे. बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, म्हणजे ३८ हजार वाचतात. पण मी ते तेवढ्यासाठी करत नाही. जावयाच्या घरी राहायला तुला अवघड वाटतं ना, मग हे जावयाचं नाही, तुझ्या लेकीचं घर आहे. ह्यांनीच हे सुचवलं, तेही तुला कळावं म्हणून सांगते.

एक गोष्ट सुटलेली नाही. लेकरू पुढच्या वर्षी दहावीला. मोठी खोली आमची, छोटी तुमची, मग त्याला हॉलमध्येच अभ्यास करावा लागेल. तो म्हणतो चालेल, रात्री आजोबांपाशी ओसरीवर झोपेन. चौदा वर्षांच्या पोराचं "चालेल" किती धरायचं? पुढे गच्चीवर एक खोली चढवता येईल, कॉलम तसे सोडलेत, पण महापालिकेची परवानगी आणि पैसा दोन्ही लागेल. तोवरची दोन वर्षं ओढाताणीची जातील. मला ती चालतील. तुम्ही येणार नसाल तर मात्र हे घर घेण्यात अर्थ नाही. मग आम्ही तिघं आहोत तिथं ठीक आहोत.

घर सध्या रिकामं आहे. मालकांना विचारलं, ते एका रात्रीसाठी किल्ली द्यायला तयार आहेत. इसार पुढच्या सोमवारी द्यायचा आहे. त्याआधी शुक्रवारी सकाळच्या एसटीनं या. औशाला उतरू नका, थेट लातूरला या, हे स्टँडवर येतील. आईसाठी तीन फुटी पलंग एक दिवस उसना मिळालाय. अण्णा, बाज इथंच बघून ठेवलीय, सुंभाची आहे. ओसरीवर टाकू. रात्रभर राहा, पहाटे चारला उठून बसलात तरी बसा, मी चहा ठेवीन. मग सकाळी मला हो किंवा नाही सांगा.

तुमची,
बाळी

ता.क. आई, गुडघ्याचा पट्टा आणि रात्रीच्या गोळ्या पिशवीत वरच ठेव. वॉकर आणू नको, काकूंचाच अजून माझ्याकडे आहे.