पाहुण्याच्या लक्षात काय राहतं?

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, तुमच्या हॉटेलच्या मॅनेजरांनी तुम्हा ट्रेनींना प्रोजेक्ट दिलंय: पाहुण्याच्या कायम आठवणीत राहील असं काहीतरी सुचवा. मग तू यादी वाचून दाखवलीस. पलंगावर टॉवेलचे हंस, फुलांच्या पाकळ्या, नाव घातलेला केक, दारात बँड. तेव्हा मी नुसती हसले. फोनवर वाद घालण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

टॉवेलचा हंस वाईट नाही रे. लहान मुलं खूश होतात. पण या खोलीत जो हंस, तोच शेजारच्या खोलीत, आणि ते पाहुण्याला कळतं. शिवाय प्रवासातून आलेल्या माणसाला आधी तोंड पुसायला टॉवेल हवा असतो! इतकी वर्षं हाउसकीपिंगमध्ये, म्हणजे हॉटेलातल्या खोल्या आवरण्याच्या कामात, काढल्यावर माझं मत असं झालंय, की माणसाच्या लक्षात राहतं ते खास त्याच्यासाठी केलेलं. आणि तसं करायचं तर आधी कुणीतरी त्याच्याकडे नीट पाहिलेलं असावं लागतं.

कुठे पाहायचं ते सांगते. पाहुणा बाहेर गेलाय आणि आपली मुलगी ट्रॉली घेऊन खोली करायला आली आहे. टेबलाशी असायची ती खुर्ची खिडकीपाशी ओढलेली आहे. उशी मधोमध दुमडून ठेवली आहे. टीव्हीखालच्या बारीक लाल दिव्यावर रुमाल टाकलाय. नियम सांगतो, खोली पूर्ववत करा. म्हणून ती खुर्ची जागेवर नेते, उशी झटकून सरळ करते, रुमालाची घडी घालते. संध्याकाळी पाहुणा येतो आणि सगळं पुन्हा आपल्या सोयीने लावतो. दोघांची गाठही पडत नाही, आणि मुक्काम संपेपर्यंत ही रस्सीखेच चालू राहते. जाणती मुलगी खुर्ची खिडकीपाशीच राहू देते, जमलं तर दिवा तिकडे सरकवते. एक जाड उशी आणून ठेवते. लाल दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावते. खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि पाहुण्याने तोंडाने एक शब्दही मागितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र तिची सुट्टी असते. तिने लिहून ठेवलं नसेल, तर बदलीवरची मुलगी इमानेइतबारे ती पट्टी सोलून काढणार. म्हणून तर मी लॉगबुकाचा, म्हणजे ड्युटीवरच्या नोंदवहीचा, एवढा धोशा लावायचे. आता पाहुण्याच्या माहितीचं पान, गेस्ट प्रोफाइल, संगणकात असतं, त्यात शेऱ्याचा रकानाही असतो; पण तो रिकामा तरी असतो, नाहीतर त्यात ‘व्हीआयपी’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘व्हीआयपी’ वाचून मुलीने करायचं काय? ‘जाड उशी, खुर्ची खिडकीपाशी, रात्री उजेड चालत नाही’ असं वाचलं की हात आपोआप कामाला लागतात.

तुम्हाला ती जिराफाची गोष्ट सांगितली असेलच. 2012 साली फ्लोरिडातल्या अमेलिया आयलंडच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलमध्ये एका लहानग्याचं जॉशी नावाचं खेळण्यातलं जिराफ राहून गेलं. बापाने थाप मारली, की जॉशी आणखी थोडे दिवस सुट्टीवर थांबलाय. हॉटेलवाल्यांनी ती थाप निभावून नेली. पोहण्याच्या तलावाकाठी आरामखुर्चीत पहुडलेला जॉशी वगैरे फोटो काढले आणि खेळण्याबरोबर पाठवून दिले. सगळे त्या फोटोंचं कौतुक करतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते जिराफ सापडलं लाँड्रीत. चादरींच्या ढिगातून ते कुणाच्या तरी नजरेला पडलं आणि त्या माणसाने ते योग्य हाती पोचवलं. तिथे कुणी ‘मला काय त्याचं’ म्हटलं असतं, तर फोटो कशाचे काढणार होते?

त्याच रिट्झ-कार्लटनचा दुसरा नियम तुम्हा मुलांना तोंडपाठ असतो: पाहुण्याची अडचण सोडवायला कर्मचारी साहेबाला न विचारता 2000 डॉलरपर्यंत खर्च करू शकतो. आकड्याला भुलू नकोस. विचारायला जावं लागत नाही, यातच सगळं आलं. गरम पाणी येत नाही म्हणून माणूस अंगाला साबण लावून उभा आहे, आणि आपण म्हणतोय, ‘सर, ड्युटी मॅनेजरना विचारून सांगतो.’ त्या पाच मिनिटांत जे बिघडतं ते नंतर फळांच्या टोपलीने सुधारत नाही. तुमच्याकडे डेस्कवरच्या पोराला स्वतःच्या अखत्यारीत काय काय करता येतं, हे प्रोजेक्टच्या आधी विचारून घे. खोली बदलून देणं? एका रात्रीचं भाडं माफ? बहुतेक ठिकाणी नुसती दिलगिरी, एवढाच अधिकार असतो.

1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेत तिघा संशोधकांनी विमान, हॉटेल आणि रेस्टॉरंटच्या गिऱ्हाइकांकडून 700च्या आसपास खरे प्रसंग गोळा केले होते, खूप आवडलेले आणि खूप खटकलेले. खटकलेल्यांत मोठा वाटा अशा प्रसंगांचा होता, जिथे आधी काहीतरी बिघडलं आणि मग कर्मचाऱ्यांनी ते नीट हाताळलं नाही. मला यात नवल वाटलं नाही. नळ बिघडतो, लिफ्ट अडकते, हे लोक समजून घेतात. तक्रार ऐकणाऱ्याची नजर स्क्रीनवरून हटत नाही, ते मात्र विसरत नाहीत. नीट ऐकलं, लगेच हालचाल केली आणि नंतर आपणहून फोन करून ‘आता पाणी येतंय ना?’ विचारलं, तर तोच माणूस पुढच्या खेपेला आपल्याकडेच उतरतो. हे एकदाच चालतं हं. दुसऱ्यांदा तोच नळ बिघडला तर गोड बोलणं उलट चीड आणतं.

चेक-इनवर सगळे जीव ओततात, चेक-आउटकडे कुणी बघत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनमन यांचा 1993चा प्रयोग वाच. लोकांना 60 सेकंद बोचऱ्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. दुसऱ्या खेपेला तेच 60 सेकंद, वर आणखी 30 सेकंद, पण त्यात पाण्याचा गारठा किंचित कमी होत गेलेला. पुन्हा कुठलं करायचं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं निवडलं. शेवट जरासा सुसह्य झाला, तर आठवण बदलते. आता आपल्याकडचा शेवट बघ: टॅक्सी खाली उभी, रांग लागलेली, आणि मिनीबारमधल्या, म्हणजे खोलीतल्या छोट्या फ्रिजमधल्या, न घेतलेल्या पाण्याच्या बाटलीवरून हुज्जत. मुक्काम कितीही छान गेलेला असो, माणूस ती बाटली घेऊन घरी जातो. आदल्या संध्याकाळीच बिल दाखवून शंका मिटवली, तर सकाळी बोलायला दोन मिनिटं उरतात.

एक गोष्ट बजावून सांगते. टेबलावरची औषधं, कचऱ्यातली चिठ्ठी, बरोबर कोण आलं होतं, हे दिसलं तरी दिसलं नाही असं समजायचं. ते लॉगबुकात नाही, सकाळच्या ब्रीफिंगच्या बैठकीत नाही, कँटीनमध्ये तर नाहीच. आपल्या मदतीने पाहुण्याला सोय वाटली पाहिजे. आपल्यावर कुणाची नजर आहे असं वाटलं, तर तो पुन्हा फिरकणार नाही.

आणि हो, दिवसभर हसून गाल दुखतात म्हणालास. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवून दिलं, की चेहरा आणि मन ताब्यात ठेवणं हीसुद्धा मेहनतच आहे. तेव्हा थकलास तर स्वतःला नाजूक समजू नकोस. ओढूनताणून हसण्यापेक्षा नीट ऐकत जा, गालांनाही विश्रांती मिळेल.

प्रोजेक्टसाठी एक आठवडा रोज सकाळी हाउसकीपिंगच्या ब्रीफिंगला जाऊन बस. मुलींना विचार, पाहुणे खोलीत काय काय हलवतात. दोन दिवस लाजतील, मग वही पुरायची नाही. आणि प्रोजेक्टवर त्यांचीही नावं घाल. मॅनेजर नको म्हणाले तर मला फोन कर. त्यांच्याशी कसं बोलायचं ते मी सांगते.

तुझी,
आई