ड्रॉइंगच्या सरांच्या माळ्यावरची चित्रं आधी नोंदवून तरी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर गेले त्याची बातमी तुमच्या पेपरात फोटोसकट आली त्याबद्दल आधी आभार, कलाशिक्षक गेला की सहसा चार ओळीसुद्धा येत नाहीत. पण बातमी सगळी सत्कार आणि पुरस्कार यावर संपली आणि मला लिहायचंय ते सरांच्या घरात मागे राहिलेल्या कामाबद्दल, कारण त्याचं काय होणार हे आत्ता ठरतंय आणि ते फार घाईत ठरतंय.

सर एटीडी (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेला लागले ते रिटायर होईपर्यंत तिथेच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की शाळा सुटल्यावर वर्ग उघडा ठेवायचे, स्थिरचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन सगळं परत परत करून घ्यायचे, ज्याच्याकडे रंग नाहीत त्याला स्वतःची पेटी द्यायचे. गावातल्या नाटकांचे पडदे त्यांचे, शाळेच्या हॉलमधल्या तसबिरी त्यांच्या. आणि पोर्ट्रेट तर किती घरात असतील देव जाणे. घरातलं माणूस गेलं की लोक पासपोर्ट साइझचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो घेऊन सरांकडे यायचे. सर आधी त्यांना बसवायचे आणि विचारायचे, आईंची नेहमीची साडी कुठल्या रंगाची होती, हसल्या की गालाला खळी पडायची का, चष्मा कायम असायचा का वाचताना फक्त. मग ते चित्र तयार झालं की बघणारी माणसं तिथेच रडायची. एवढं करून खाली सही इतकी बारीक की फ्रेम केल्यावर ती आत जाते.

आता त्यांच्या माळ्यावर काय आहे ते मी स्वतः बघितलंय. एका ट्रंकेत स्केचबुकं, गुंडाळी करून ठेवलेली वॉटरकलर, कॅनव्हास भिंतीला टेकवून. ताईंनी (सरांच्या मुलीने) एक स्केचबुक उघडून दाखवलं त्यात बैलबाजार आहे, एसटी स्टँडवर बोचकी घेऊन झोपलेली माणसं आहेत, आणि रस्ता रुंदीकरणात पाडली ती जुनी वेस आहे, कमानीतला पिंपळ पण काढलाय. प्रत्येक पानावर पेन्सिलने तारीख आणि एकदोन शब्द, एका पानावर लिहिलंय "पाऊस आला, अर्धवट". त्या वेशीचा फोटो मी अजून कुणाकडे बघितलेला नाही. आणि त्याच पानाचा कोपरा कसरीने खाल्लाय, ट्रंक उघडली की ओलीचा वास येतो.

घर विकायचं चाललंय. तिन्ही भावंडं तीन शहरात, त्यांना मी अजिबात दोष देत नाही, फ्लॅटमध्ये एवढं सगळं ठेवणार कुठे. पण घर रिकामं करायला माणूस लावला की तो कागद बघून रद्दीच समजणार. आणि मधल्या काळात एक गृहस्थ "प्रदर्शन भरवतो" म्हणून बरीच चांगली चित्रं घेऊन गेले, ना पावती ना यादी, आता फोन उचलत नाहीत. असं व्हायला नको होतं पण होतं, कारण दुःखात असलेलं घर कुणाला नाही म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वाटणी, विक्री, देणगी जे काय करायचं ते नंतर करा, पहिल्यांदा नोंद करा. प्रत्येक चित्राला नंबर, दिवसाच्या उजेडात एक फोटो पुढून एक मागून, माप, माध्यम, तारीख असेल तर तारीख. हे सरांचे माजी विद्यार्थी मिळून करू शकतात, मोठा खर्च नाही. फक्त उत्साहात लॅमिनेशन करू नका आणि फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन परत निघत नाही आणि टेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. सपाट ठेवा, जमिनीपासून वर ठेवा, नंबर मागे पेन्सिलनेच टाका.

नोंद का, तर नाव पुसलं जातं म्हणून. दिवा हातात धरलेली बाई, ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं चित्र आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि अजूनही कितीतरी लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून शेअर करतात. रविवर्मा गेले 1906 ला आणि ते चित्र आहे 1945-46 चं, सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, ज्यांनी 1908 मध्ये मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढून मुलांना शिकवलं. चित्रातली बाई म्हणजे त्यांची मुलगी गीता, ती 2018 पर्यंत कोल्हापुरात होती, वय 102. एवढ्या मोठ्या माणसाचं नाव जर त्याच्याच चित्रावरून उडतं तर आमच्या सरांच्या सहीचं काय होणार सांगा.

आणि चांगलं झालेलं पण आहे. चित्रकार रावबहादूर धुरंधर 1890 पासून 1931 पर्यंत मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आधी विद्यार्थी मग शिक्षक, त्यांचं काम टिकलं कारण मुलगी अंबिका, ती स्वतः चित्रकार, तिने ते आयुष्यभर सांभाळलं. कोल्हापूरला सिनेनट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंनी हयातीतच स्वतःचा बंगला आणि चित्रं सरकारला दिली, आज तिथे म्युझियम आहे, जाऊन बघता येतं. सगळ्यांना बंगला देता येत नाही हे मान्य, पण नगरपरिषदेच्या वाचनालयात वरची खोली वर्षानुवर्षं बंद आहे ती तरी उघडता येईल की नाही?

कायद्याचं पण थोडं लिहितो कारण यात फसवणूक होते. चित्र विकत घेतलं म्हणजे कॉपीराइट मिळाला असं नाही, तो चित्रकाराचा असतो आणि तो गेल्यावर 60 वर्षं वारसांचा, 1957 च्या कायद्याप्रमाणे, आणि दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, तोंडी चालत नाही. पैसे देऊन करून घेतलेल्या पोर्ट्रेटला नियम वेगळा, वेगळं काही ठरलं नसेल तर तिथे हक्क करून घेणाऱ्याचा. मूळ चित्र पुढे 10,000 रुपयांच्या वर परत विकलं गेलं तर कलम 53-अ खाली वारसांना त्यात वाटा मागता येतो. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, चित्रांमध्ये सुद्धा. त्यामुळे कॅलेंडर छापतो, प्रिंट काढतो म्हणून कुणी आलं तर ताईंनी आणि भावांनी सही करायच्या आधी वकिलाला दाखवावं ही हात जोडून विनंती.

संपादक साहेब, तुमच्याकडून एक मदत हवी आहे. ज्यांच्या घरात सरांनी काढलेलं काही आहे, पोर्ट्रेट असो, लग्नपत्रिकेचं डिझाइन असो, नाहीतर वहीच्या कडेला सरांनी काढून दाखवलेला हात असो, त्यांनी मोबाइलवर फोटो काढावा, चित्रात कोण आहे आणि साधारण कधीचं ते लिहावं आणि शाळेच्या ऑफिसात आणून द्यावं, मूळ चित्र कुणालाही देऊ नये, असं आवाहन रविवारच्या अंकात चौकट करून छापा. आणि जे गृहस्थ चित्रं घेऊन गेलेत ते हे वाचत असतील तर त्यांनी ती परत आणून द्यावीत, घर रिकामं व्हायच्या आत.

आपला,
सरांचा एक माजी विद्यार्थी