इंग्रजालाही इंग्रजीच्या देशात अडचण

महोदय,

आमचा जावई जन्मापासून ब्रिटनमधला. गेल्या वर्षी नोकरीसाठी लेकीला घेऊन अमेरिकेत गेला. 'इंग्रजाला तिथं कसली अडचण?' असं मी गोदाघाटावर फिरताना मित्रांना छातीठोकपणे सांगत होतो. पण ब्रिटनमध्ये वेळेवर फेडलेल्या हप्त्यांची नोंद अमेरिकेत धरत नाहीत, क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत, शून्यापासून; आणि घरमालक तीच बघतात. त्यामुळे भाड्याचं घर मिळायलाच दीड महिना गेला.

दातांच्या डॉक्टरची वेळ ४/७ ला होती. हा ४ जुलै समजून निवांत. ती निघाली ७ एप्रिल, कारण तिथं महिना आधी लिहितात! (४ जुलैला तर तिथं सुट्टी असते, तीही १७७६ साली इंग्रजांचं राज्य झुगारल्याची.) ब्रिटनमध्ये कायद्यानं वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मालक देईल तेवढी. विम्याचे कागद वाचताना तर लेक रडकुंडीला आली.

आपल्या नाशिकची कितीतरी मुलं दरवर्षी परदेशी जातात. व्हिसाच्या जाहिराती आपण रोज छापता. पोहोचल्यावरच्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल, तिकडं राहून आलेल्यांकडून एखादं सदर लिहून घ्याल का?

– एक निवृत्त शिक्षक, पंचवटी, नाशिक