बोटांच्या ठशांत बुद्धी शोधू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मानसशास्त्राचा इतिहास आणि शाखा सांगणारा पानभर लेख वाचला. त्याच पानाच्या तळाशी मुलांच्या बोटांच्या ठशांवरून त्यांची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्यांची रंगीत जाहिरात होती. ती आधी माझ्या मुलीने पाहिली. "आई, हेच ते मशीन," एवढेच म्हणाली आणि पुरवणी माझ्यासमोर ठेवून आत गेली. म्हणून हे पत्र.

आधी लेखाबद्दल. फ्रॉइड यांना त्यात 'मानसशास्त्राचे जनक' म्हटले आहे. विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीत लाइप्झिगला प्रयोगशाळा काढली ती १८७९ साली, आणि मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले ते तिथून असे मानतात. तेव्हा फ्रॉइड व्हिएन्नात वैद्यकाचे शिक्षण घेत होते, त्यांना पदवी मिळाली १८८१ साली. त्यांचे काम मोठेच आहे, पण ते मनोविश्लेषण या एका शाखेचे. वुंट यांचे शिष्य म्युन्स्टरबर्ग हार्वर्डला गेले, त्यांच्या हाताखाली नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले आणि १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. आपल्या देशात हा विषय असा आला. पानभर लेखात याला एक ओळही मिळू नये?

शाखांचेही तेच. मनोविकार आणि समुपदेशन यांनी निम्मे पान व्यापले आहे. शैक्षणिक मानसशास्त्र आणि मनोमापन, म्हणजे बुद्धी, स्वभाव चाचण्यांनी मोजण्याचे शास्त्र, यांचा उल्लेखसुद्धा नाही. माझ्या घराला या विषयाचा उपयोग झाला तो नेमका याच दोन शाखांचा.

मुलगी तिसरीत असताना तिच्या शाळेत एक संस्था आली होती. पालकांकडून प्रत्येकी साडेतीन हजार रुपये घेतले. आधारच्या वेळी ठेवतो तशी मुलांची दहाही बोटे यंत्रावर ठेवली आणि पंधरा दिवसांनी चाळीस पानांचा गुळगुळीत अहवाल हातात दिला. त्यात डावा मेंदू, उजवा मेंदू, रंगीत वर्तुळे आणि 'भाषिक बुद्धिमत्ता : अतिउच्च'. माझी मुलगी तेव्हा 'घर' आणि 'धर' यांत गोंधळत होती. भ आणि म यांत फरक करताना तिच्या कपाळावर घाम यायचा. पण अहवाल सांगत होता की भाषा हेच तिचे बलस्थान. मग बाईंनी आणि आम्ही एकच अर्थ काढला, की पोरगी आळशी आहे, मुद्दाम करते. मी तिला रोज संध्याकाळी एकच धडा दहा-दहा वेळा वाचायला लावला. एकदा तिच्या हातून पुस्तक हिसकावून फेकले. असे पूर्ण वर्ष गेले. ते मला आजही बोचते.

चौथीत कोणीतरी सुचवले म्हणून आम्ही पुण्याला एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे गेलो. दोन सकाळी लागल्या. टेबलावर लाकडी ठोकळे, चित्रे, एक साधी वही. बाई आकडे म्हणायच्या, मुलगी ते उलट्या क्रमाने सांगायची. बरोबर की चूक हे त्या चेहऱ्यावर दिसू देत नव्हत्या. मुलगी कंटाळली तशी त्यांनी तिला पाणी दिले, खिडकीशी नेऊन समोरच्या झाडावरची घार दाखवली आणि मगच पुढचा भाग घेतला. शेवटी आम्हाला सांगितले, बुद्धी उत्तम आहे, वाचनाची अध्ययन अक्षमता आहे, शिकवण्याची पद्धत बदलावी लागेल. मुलीने गाडीत विचारले, "म्हणजे मी ढ नाही?"

त्या चाचणीचे नाव बिने-कामत. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉं यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी बनवली. शाळेत मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी, हा तिचा हेतू. बुद्धी हा जन्माचा ठरलेला आकडा नव्हे, हे बिने यांनीच बजावले होते. त्या श्रेणीचीच अमेरिकेत सुधारलेली आवृत्ती घेऊन व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी चाचणी बसवली. ती आपल्या मुलांना त्यांच्या भाषेत विचारून, तपासून उभी केलेली आहे. मराठी वर्तमानपत्राच्या मराठी लेखात कामतांचे नाव नसावे याचे मला फार वाईट वाटले.

आता ठशांचे. मुलीच्या निमित्ताने मी बाहेरून बी.ए. केले आणि हाच विषय घेतला, तेव्हा कळले की ही कल्पना नवी नाहीच. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८४ साली लंडनच्या प्रदर्शनात तीन-तीन पेन्स घेऊन हजारो माणसांच्या शरीराची आणि ज्ञानेंद्रियांची मापे घेतली. बोटांच्या ठशांवर त्यांनी १८९२ साली पुस्तक लिहिले. ठशांवरून स्वभाव ओळखता येईल अशी त्यांना मोठी आशा होती, आणि ती खोटी ठरली हे त्यांनी स्वतःच नमूद केले. पुढे १९०१ मध्ये क्लार्क विस्लर यांनी कोलंबिया विद्यापीठात ज्ञानेंद्रियांच्या चपळाईची मापे विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहिली. मेळ बसला नाही. म्हणून तर बिने यांचा रस्ता पुढे गेला. बोटांवरच्या रेषा गर्भात मेंदू घडत असतानाच उमटतात, असे हे जाहिरातवाले सांगतात. त्या वेळी तर सगळेच शरीर घडत असते! तेवढ्यावरून रेषांत गणित आणि संगीत कसे वाचता येईल?

जाहिरात विभाग वेगळा असतो, हे मला कोणी सांगू नये. वाचकाच्या हातात पान एकच येते. वर शास्त्राचा इतिहास आणि खाली ही जाहिरात पाहून साताऱ्या-कऱ्हाडची एखादी आई दोन्ही एकच समजणार. मीही समजले होते.

आणि जाता जाता, गेल्याच महिन्यात आपल्या पहिल्या पानावर 'मनोरुग्णाचा धिंगाणा' असा मथळा होता. आत वाचले तर तो माणूस दारू प्यायलेला होता, आजाराचा उल्लेख बातमीत कुठेच नव्हता. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या सन्मानाचा हक्क मान्य केला आहे. निदान मथळा देणाऱ्यांपर्यंत तो पोचवावा.

वुंट, सेनगुप्ता आणि कामत यांची नावे घालून लेखाची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी आणि ती जाहिरात पुन्हा घेऊ नये, ही विनंती. मुलगी आता आठवीत आहे. पुढच्या रविवारी पुरवणी आली की ते पान तीच आधी उघडणार आहे.

आपली,
एक पालक, सातारा