अर्थमंत्र्यांना खुले पत्र: शेअर घेतला की पैसा कंपनीला मिळतोच असं नाही

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
सादर नमस्कार.

सेन्सेक्सने, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या निर्देशांकाने, उच्चांक गाठला की सत्तेत असलेला पक्ष, मग तो कोणताही असो, अर्थव्यवस्था भक्कम असल्याचं सांगतो. बाजार कोसळला की विरोधक तोच आकडा हातात घेतात. यातून सेन्सेक्स म्हणजेच अर्थव्यवस्था, असं एक चुकीचं समीकरण लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. ते दुरुस्त करण्याइतकं वजन आपल्या शब्दाला आहे, म्हणून हे पत्र.

2020 साल आठवून पाहा. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून अधिक अंकांनी आपटून 26 हजारांच्या खाली आला. पुढच्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचं सकल उत्पादन (जीडीपी) आदल्या वर्षीपेक्षा जवळपास 24 टक्क्यांनी घटलं. कामं बंद होती, मजूर पायी गावाकडे निघाले होते. नेमक्या त्याच तिमाहीत सेन्सेक्स चढत होता आणि डिसेंबरअखेर तो 47 हजारांपुढे गेला. यात लबाडी नव्हती. सेन्सेक्समध्ये 30 मोठ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या पुढच्या काही वर्षांच्या नफ्याचा अंदाज भावात उतरतो. देशातले चाळीस टक्क्यांहून अधिक कामकरी शेतीत आहेत. त्यांचा हंगाम कसा गेला, हे त्या आकड्यात जवळजवळ उमटतच नाही.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो. आपण शेअर घेतला म्हणजे पैसा कंपनीला मिळाला आणि त्यातून कारखाना उभा राहिला, असं अनेकांना मनापासून वाटतं. रोजच्या सौद्यांत पैसा एका गुंतवणूकदाराकडून दुसऱ्याकडे जातो, कंपनीला त्यातला रुपयाही मिळत नाही. आयपीओत, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकले जातात तेव्हाही, दरवेळी मिळतो असं नाही. 2022 मध्ये एलआयसीचा सुमारे 21 हजार कोटींचा आयपीओ आला, तो पूर्णपणे ‘ऑफर फॉर सेल’, म्हणजे जुन्या मालकाने आपल्या हिश्श्याची केलेली विक्री, होता. सरकारने साडेतीन टक्के हिस्सा विकला आणि पैसे सरकारी तिजोरीत गेले. 2024 मधला ह्युंदाईचा 27 हजार कोटींवरचा आयपीओही तसाच, ती रक्कम कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेली.

यात गैर काही नाही. पुढे कधीतरी हिस्सा विकून मोकळं होता येईल, या भरवशावरच सुरुवातीला कुणी नव्या उद्योगात पैसा घालतो. रोज खरेदी-विक्री होत नसेल, तर आयपीओला अर्ज तरी कोण करील? बाजाराचं हे काम मोलाचं आहे. पण ‘यंदा बाजारातून इतके कोटी उभे राहिले’ असं सांगताना नव्या शेअर्समधून कंपन्यांना मिळालेली आणि जुन्या मालकांनी नेलेली, अशा दोन्ही रकमा एकत्र केल्या, तर उद्योगांत नवी गुंतवणूक वाढल्याचा भास होतो.

‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले’ हा मथळाही असाच. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सुमारे 31 लाख कोटी बुडाल्याच्या बातम्या होत्या. सौदे झाले थोड्या शेअर्सचे, पण त्यांचा भाव सगळ्या शेअर्सना लावून तो हिशेब मांडला होता. 7 जूनला सेन्सेक्सने पुन्हा उच्चांक गाठला. नुकसान खरोखर झालं ते घाबरून विकून टाकणाऱ्यांचं.

बाजार एक दिवस चढला, दुसऱ्या दिवशी पडला म्हणून आपली झोप उडू नये, अशा अर्थाचं विधान डॉ. मनमोहन सिंग यांनी अर्थमंत्री असताना संसदेत केलं होतं. 1992 च्या हर्षद मेहता शेअर घोटाळ्याच्या प्रकरणात त्यावर बरीच टीका झाली. घोटाळ्याकडे डोळेझाक होता कामा नये, हे खरंच. तरीही ती भूमिका मला आज पटते.

माझी विनंती एवढीच. आपल्या भाषणांत आणि मंत्रालयाच्या पत्रकांत आयपीओंचा आकडा येईल तेव्हा नव्या शेअर्समधून कंपन्यांना किती मिळाले आणि जुन्या मालकांनी हिस्सा विकून किती नेले, हे वेगळं सांगावं. प्रत्येक आयपीओच्या माहितीपत्रकात ही विभागणी छापलेली असतेच. आणि अर्थव्यवस्थेची प्रकृती सांगताना सेन्सेक्सआधी रोजगार आणि मजुरीचे आकडे द्यावेत.

आपला,
एक करदाता