शिकागोचं मत

शिकागो,
१२ जानेवारी २०२५

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुमचं शिकागो ठरलेलंच, डेमोक्रॅटांचं. मग नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाच्या मतदानाला रांगेत उभं राहून तू मिळवलंस काय?" तव्यावर पोळी होती, म्हणून उत्तर राहिलं. शिवाय जन्मभर शेकापच्या खटाऱ्यावर शिक्का मारलेल्या माणसानं हे विचारावं याचं हसूही आलं. सांगोल्यानं गणपतराव देशमुखांना अकरा वेळा आमदार म्हणून निवडून दिलं, तेव्हा तुमच्या मनात कधी आलं होतं का हे?

आणि 'ठरलेलं' म्हणाल तर तसंही नाही. लिंकनना १८६० साली रिपब्लिकन उमेदवारी मिळाली ती याच शहरात. दक्षिणेतून इथं आलेल्या कृष्णवर्णीयांसाठी पुढं कितीतरी वर्षं तोच आपला पक्ष होता. साउथ साइडनं १९२८ मध्ये ऑस्कर डी प्रीस्टना काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर, पाठवलं, तेही रिपब्लिकनच. मग महामंदी आली, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टनी मदत आणि रोजगाराची कामं सुरू केली. १९३४ मध्ये त्याच मतदारसंघानं डी प्रीस्टना पाडून आर्थर मिचेलना निवडून दिलं. ते डेमोक्रॅट, आणि कृष्णवर्णीयच. खालच्या मजल्यावरच्या आजी सांगतात, त्यांच्या आजोबांचं आणि वडिलांचं यावरून जेवताना वाजायचं.

त्याच सुमारास, १९३१ मध्ये, बोहेमियात, म्हणजे आजच्या चेकियात, जन्मलेला डेमोक्रॅट अँटन सर्माक महापौर झाला. चेक, पोलिश, ज्यू, आयरिश अशी सगळी मोट त्यानं बांधली. तेव्हापासून इथं रिपब्लिकन महापौर झालेला नाही. पुढं महापौर थोरल्या डेलींच्या राज्यात प्रत्येक भागाला पक्षाचा कॅप्टन असे. कचरा उचलला नाही, पोराला नोकरी हवी, की त्याला गाठायचं. मतदानाच्या दिवशी तो तुमचं दार वाजवणार. तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. १९६० मध्ये डेमोक्रॅट केनेडींनी आमचं इलिनॉय राज्य अवघ्या ८,८५८ मतांनी जिंकलं, त्यावरून मेलेल्यांनीही मतं दिल्याचे विनोद अजून चालतात. इलिनॉय गेलं असतं तरी केनेडी निवडून आलेच असते, हे मात्र विनोद सांगणारे गाळतात. १९७२ मध्ये तर शहर आणि उपनगरं धरून अख्खी कुक काउंटी रिपब्लिकन निक्सनकडे गेली होती. त्यानंतर तसं झालं नाही.

शहराच्या नैर्ऋत्य टोकाला माउंट ग्रीनवुड ही वस्ती आहे. पोलिस आणि अग्निशमनवाल्यांना शहराच्या हद्दीतच राहावं लागतं, त्यातले पुष्कळ तिथं राहतात. तिथं ट्रंपच जिंकतात. शहरभरात त्यांना २०१६ मध्ये साधारण १२ टक्के मतं होती, २०२० मध्ये १६च्या आसपास, २०२४ मध्ये २०च्या वर. पण मला खरी बातमी वेगळीच वाटते. हॅरिसना २०२०च्या बायडनपेक्षा लाखाहून जास्त मतं कमी पडली, ट्रंपची वाढ त्या मानानं बरीच लहान. म्हणजे पक्ष बदलले त्यापेक्षा जास्त लोक घरी बसले. मी नाही बसले, एवढंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

केंद्र एका शाळेच्या जिममध्ये होतं, बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबलं. मतपत्रिका हिंदीतूनही मिळते. मी मुद्दाम मागून पाहिली आणि मग इंग्रजीच घेतली. राष्ट्राध्यक्षाचा लंबगोल दहा सेकंदांत काळा केला. पण पुढं न्यायाधीशांची लांबच लांब यादी, प्रत्येकापुढं 'पदावर ठेवावे का, हो की नाही'. घरून चिठ्ठी नेली होती तरी निम्मे कोरे सोडले. तुम्ही केंद्राध्यक्ष असतात तर डोळे वटारले असतेत. बोटाला शाई नाही. बाहेर आल्यावर उगीच नखाकडे पाहिलं.

अमेरिकन पासपोर्ट घेतला तेव्हा तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात, ते विसरलेले नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं, कार्ड आलंय. एप्रिलमध्ये येते. आई, गुडघ्याचा पट्टा घेऊन येईन, पण माप पाठव. मागच्या वेळी अंदाजानं आणला तो बाबांच्या कोपराला झाला.

तुमची,
मनी