चॅलेंज आलं, डबल ड्रिबल तसंच राहिलं

प्रिय नंदू,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, रागावला असशील तर बरोबरच आहे. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पण हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू? अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये २०२५-२६ पासून पुरुषांच्या कोचलाही चॅलेंज मिळालं, म्हणजे रेफरीचा निर्णय व्हिडिओवर पुन्हा तपासायला लावायचा हक्क, आणि तरी न दिलेल्या डबल ड्रिबलवरचं आपलं २०१९ चं भांडण मिटत नाही!

हातात टाइमआउट शिल्लक हवा. चॅलेंज तीनच गोष्टींवर: चेंडू कुणाला लागून बाहेर गेला, गोलटेंडिंग (बास्केटकडे खाली येणारा चेंडू अडवणं) किंवा बास्केट इंटरफिअरन्स (रिंगवरच्या चेंडूला हात लावणं), आणि मदतीला आलेला डिफेंडर बास्केटखालच्या अर्धवर्तुळात होता का. पहिलं बरोबर ठरलं तर आणखी एक मिळतं, चुकलं तर संपलं.

आता २०१९ ची मिनियापोलिसची ती कॉलेज स्पर्धेची सेमीफायनल आठव, व्हर्जिनिया विरुद्ध ऑबर्न. ऑबर्न ६२-६० ने पुढे. व्हर्जिनियाच्या टाय जेरोमचा चेंडू त्याच्याच टाचेला लागून सुटला, त्याने दोन्ही हातांनी धरला आणि पुन्हा ड्रिबल सुरू, म्हणजे सरळ डबल ड्रिबल. शिट्टी नाही. मग ०.६ सेकंद उरले असताना त्यांच्याच काइल गायवर फाउल, तीन फ्री थ्रो, व्हर्जिनिया ६३-६२. तू सगळा राग त्या फाउलवर काढलास. अरे, तो फाउलच होता! ऑबर्नचा डाउटी हवेतल्या शूटरच्या अंगावर गेला, उतरायची जागाच ठेवली नाही. त्याचं स्पष्टीकरणही कॉलेज खेळ चालवणाऱ्या एनसीएएने दिलं. खरा घोळ डबल ड्रिबलचा. ते तेव्हाही व्हिडिओवर तपासता येत नव्हतं आणि आजही चॅलेंजमध्ये बसत नाही.

अशी चूक होते कशी, तेही बघ. मागून येणाऱ्या ट्रेल रेफरीला ड्रिबलरच्या अंगाआड चेंडू नीट दिसत नाही. त्यात पुढे असलेला ऑबर्न शॉट घेऊ द्यायच्या आधीच मुद्दाम फाउल करणार, म्हणून रेफरीची नजर हातांवर. चूक समजू शकते. मला सलतं ते पुढचं. हे रेफरी पगारी नोकर नाहीत, कॉन्फरन्सचे (कॉलेजांच्या गटांचे) कोऑर्डिनेटर त्यांना सामन्यागणिक नेमतात. एकच माणूस बऱ्याच कॉन्फरन्समध्ये शिट्टी वाजवतो. मार्चच्या राष्ट्रीय स्पर्धेत कुठल्या रेफरीला पुढची फेरी मिळणार हे मूल्यमापनावर ठरतं, पण ते मूल्यमापन आपल्याला दिसत नाही. व्यावसायिक लीग एनबीए २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल छापते. त्यात न वाजलेल्या शिट्ट्याही असतात. तेवढं तरी इथे व्हायला हवं.

तू म्हणशील, बिचाऱ्यांना चव्हाट्यावर का आणायचं? उलट आहे, नंदू. २०१७ मध्ये केंटकी नॉर्थ कॅरोलायनाकडून ७५-७३ अशी हरली, तेव्हा चाहत्यांनी एका रेफरीच्या छपरं घालण्याच्या धंद्यावर खोट्या तक्रारींचा पाऊस पाडला, धमक्याही दिल्या. कुठली शिट्टी बरोबर, कुठली चूक, हे अधिकृतपणे कुणी सांगत नाही, तिथे निकाल गर्दीच लावते. अहवालात नुसत्या चुका नसतात, बरोबर दिलेले निर्णयही असतात. रेफरीला दुसरं कुठलं संरक्षण आहे?

बंड्याला हे वाचून दाखव, पण आधी गोलटेंडिंग समजावून सांग, नाहीतर रात्र जाईल.

चिमीच्या दहावीचं काय झालं? नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी ते कळव.

तुझा,
अव्या